फॉर्म सगळं विचारतो, मेरिट लिस्ट काहीच वाचत नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात मेडिकल अ‍ॅडमिशनवर दोन पत्रं आली होती. एकात एका रिटायर्ड साहेबांनी लिहिलं की डॉक्टर करताना फक्त मार्क बघा, गाव, गरिबी, जात काही बघू नका, आन दुसऱ्यात एकानं ७०-३० चा फॉर्म्युला परत आणा म्हणून मागणी केली. माझं दोघांशी पण पटत नाही. मी तालुक्याच्या गावी मल्टिसर्व्हिसेसचं दुकान चालवतो, झेरॉक्स, आधार, पीक विमा, आन सीझन आला की नीटचे फॉर्म, मग कॅप राऊंडचे, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांचे फॉर्म. त्यामुळं हा विषय मला पेपरातून नाही, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून माहिती आहे. म्हणून लिहितो, थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण मधला मुद्दा ठेवा.

आधी ७०-३० चं. नवीन पोरांना माहित नसेल म्हणून सांगतो, आपल्या राज्यात मराठवाडा, विदर्भ आन उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग पाडलेले होते आन राज्याच्या कोट्यातल्या सीटपैकी ७० टक्के त्या-त्या विभागातल्या पोरांना, ३० टक्के सगळ्या राज्यातल्या पोरांना. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडं सरकारी मेडिकल म्हणजे औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आन नंतर लातूर, संपलं, आन पुण्यामुंबईकडं कॉलेजांची रांग. म्हणजे आपल्या ७० टक्क्यात सीटाच कमी आन पोरं लई, मग तेवढेच मार्क घेतलेलं तिकडचं लेकरू डॉक्टर होतं आन आपलं लेकरू बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाची वाट धरतं. इकडच्याच आमदारांनी आरडाओरडा केला, आन सप्टेंबर २०२० ला अमित देशमुख वैद्यकीय शिक्षण मंत्री असताना, म्हणजे लातूरचाच माणूस खात्यावर असताना, ते रद्द झालं. तेव्हा इकडं फटाके वाजले होते. आता तेच परत पाहिजे म्हणायलेत, कारण धाराशिव, परभणी आन २०२४ पासून जालना, हिंगोली अशी सरकारी कॉलेजं निघाली आन आठही जिल्ह्यात एकेक झालं. सीटा वाढल्या की कुंपण घालायचं, कमी होत्या तवा कुंपण पाडायचं. याला मी न्याय म्हणत नाही, सोय म्हणतो. करा म्हणा, राजकारणी करतेतच, पण त्याला अन्याय-न्यायाचं नाव देऊ नका.

आन दुसरं असं की ७०-३० आलं तरी सीट कुणाला मिळणार, तर लातूरच्या ट्युशन एरियात दोन-तीन वर्षं काढलेल्या पोरालाच. त्यातली बरीच पोरं सोलापूर, नगर, यवतमाळ, कुठून कुठून आलेली. विभाग मराठवाडा लागला म्हणजे लेकरू मराठवाड्याचे हाल सोसलेलं असंच काही नाही. माझ्या दुकानात एकाच दिवशी एकाच टेबलावर दोन फॉर्म भरले जातेत, दोघं पण मराठवाडा, दोघं पण ओबीसी, आन दोघात जमीन-अस्मानाचा फरक. एकाचा बाप तालुक्यात नर्सिंग होम चालवतो, आई पण डॉक्टर, पोरगा दहावीपर्यंत सीबीएसईला, मग लातूरला, एकदा रिपीट पण केलेलं. दुसरी पोरगी, माय-बाप कोयत्यावर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आन दिवाळीच्या आगंमागं ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात जायचं ते गाळप संपल्यावर परत. पोरगी आजीपाशी गावात राहिली, काही वर्षं झेडपी शाळेच्या हंगामी वसतिगृहावर जेवली, मग संस्थेच्या अनुदानित हायस्कूलला, आन अकरावी-बारावी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजला, जिथं फिजिक्सला तासिका तत्त्वावरचे सर होते ते पण दिवाळीनंतर येईनासे झाले.

आता गंमत ऐका. नीटचा फॉर्म हे सगळं विचारतो. बापाचं शिक्षण काय, धंदा काय, वर्षाचं उत्पन्न किती, आईचं तसंच, शाळा ग्रामीण भागातली का शहरातली, सरकारी का खाजगी. त्या पोरीला बापाचा धंदा विचारला तर यादीत ऊसतोड नव्हतंच, मजूर टाकलं. शिक्षणाच्या रकान्यात आईचं निरक्षर. ती टाईप करताना माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या रेटकार्डाकडं बघत होती. डॉक्टरच्या पोराचं भरताना बाप स्वतः शेजारी उभा, एकेक स्पेलिंग चेक करायलेला. सगळं भरलं, फोटो चढवला, फी कटली, आन त्यानंतर ही माहिती जी गेली ती गेली, मेरिट लिस्टच्या बाजूनं परत कधी दिसत नाही. मग विचारता कशाला? एकतर विचारू नका, नाहीतर विचारलं तर त्याचं काहीतरी करा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की लेकरू पहिली ते दहावी कुठं शिकलं हे मोजा आन त्याला थोडी जागा ठेवा. जातीचं आरक्षण काढून नाही, ते जिथं आहे तिथं राहू द्या, आमच्या बीड जिल्ह्यात त्याच्यावरून काय-काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, माझं पत्र कृपा करून त्या भांडणात ओढू नका. मी म्हणतो ते समांतर आरक्षण, जसं मुलींना ३० टक्के प्रत्येक प्रवर्गाच्या आत असतं तसं. ओपनमध्ये पण, ओबीसीत पण, एससी, एसटी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस सगळ्यात, आपापल्या पोटात. कुणाच्या ताटातलं कुणाला नाही. ओपनमधल्या गरीब शेतकऱ्याच्या पोराला ओपनमधल्या सर्जनच्या पोराशी जी कुस्ती खेळावी लागते ती पण त्यात येते.

हे काही मी नवीन काढलं नाही. तमिळनाडूनं २०२० मध्ये कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांना मेडिकलमध्ये साडेसात टक्के ठेवले. त्याच्या आधी तिथं नीट लागू झाल्यावर सरकारी शाळेतली पोरं एमबीबीएसला बोटावर मोजण्याएवढी लागायची, कायद्यानंतर शेकड्यानं लागायला लागली. लोक कोर्टात गेले, २०२२ ला मद्रास हायकोर्टानं कायदा कायम ठेवला. म्हणजे घटनेत बसत नाही हे कारण कुणी सांगू नये.

पण तमिळनाडूचं जसंच्या तसं उचलून इथं चालणार नाही हे पण सांगतो, कारण आपले लोक किती हुशार आहेत ते माझ्याइतकं कुणाला माहित नाही. आपल्याकडं झेडपीची शाळा बहुतेक चौथी नाहीतर सातवीपर्यंत, पुढं संस्थेची अनुदानित शाळा. नुसतं सरकारी म्हणलं तर ऊसतोडवाल्याचंच लेकरू बाहेर पडंल, त्यामुळं झेडपी, नगरपालिका, आश्रमशाळा आन ग्रामीण भागातली अनुदानित मराठी शाळा हे सगळं धरावं लागंल. आन अकरावी-बारावी तर अजिबात धरू नका. आजच किती पोरं कागदावर खेड्यातल्या ज्युनियर कॉलेजला आहेत आन बसतेत लातूर-नांदेडच्या क्लासला, हजेरी आपोआप लागती, प्रॅक्टिकलला एक दिवस तोंड दाखवायला येतेत. उद्या बारावीच्या शाळेवर सवलत दिली की सर्जनचं पोरगं पण वडवणी-धारूरच्या कॉलेजचं विद्यार्थी निघंल. पहिलीपासून दहावीपर्यंत धरलं तर तेवढा दम कुणात नाही, दहा वर्षं कोण आपलं लेकरू झेडपीत बसवंल नुसतं मेडिकलसाठी? आन बसवलं तर बसवू द्या की, त्या निमित्तानं तहसीलदाराचं आन डॉक्टरचं पोरगं झेडपीत आलं तर शाळेचं छप्पर तरी गळायचं थांबंल. रेकॉर्ड नवीन काढायची गरज नाही, शाळा खात्याच्या सरल पोर्टलवर लेकराची शाळा, इयत्ता सगळं आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र माझा भरवसा नाही, हे मी धंद्याला बाध येईल तरी लिहितो. आठ लाखाच्या आतलं उत्पन्न म्हणून जे कागद माझ्या स्कॅनरवरून गेलेत त्यातल्या काहींचे मालक बाहेर एवढी मोठी गाडी लावून आत येतेत. ओबीसीच्या नॉनक्रिमीलेयर दाखल्याला तर पगार आन शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत, त्यामुळं नियमानं सुद्धा बरेच सुखवस्तू लोक आत बसतेत, त्यांनी काही खोटं केलेलं नसतं. पैशाचा कागद वाकवता येतो. दहा वर्षाची शाळा वाकवायला अवघड.

कागदाचं आणखी एक. जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. ज्या घरात बापाची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी आधीच झालेली असती त्या घरातल्या पोराला ती लवकर मिळती, नुसतं रक्ताचं नातं दाखवायचं. ज्याच्या घराण्यात आजपर्यंत कुणी शिकलंच नाही त्यानं पणजोबाचा खासरा म्हणजे जमिनीचा जुना कागद, मोडी कागद, शाळेचा निर्गम उतारा शोधत फिरायचं, निजामाच्या काळातला रेकॉर्ड हैदराबादेत का कुठं तेच कळत नाही, आन समितीच्या तारखेवर तारखा. इकडं कॅप राऊंडची तारीख निघून जाती. मार्क असून सीट गेलेली लेकरं मी बघितलीत. म्हणजे घरात आधीच कुणी शिकलेलं असणं हे नुसतं अभ्यासात नाही, कागदात सुद्धा कामाला येतं.

आन प्रेफरन्स भरणं. शहरातले आन पैशावाले लोक काउन्सेलर लावतेत, मागच्या तीन वर्षाचे कटऑफ एक्सेल शीटमध्ये, कुठल्या राऊंडला थांबायचं, कुठल्याला सीट सोडायची सगळा हिशोब. माझ्याकडं येणारं लेकरू म्हणतं, काका अंबाजोगाई आन लातूर टाका, बास. मी म्हणतो अरे धुळं टाक, गोंदिया टाक, सरकारीच आहे. तर म्हणतं, लांब आहे, आजी एकटी आहे. प्रायव्हेटचं तर नावच नको म्हणतेत, कारण फीचा आकडा बघूनच घाबरतेत, महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आहे, शाहू महाराजांच्या नावानं अर्धी फी मिळते, हे कुणी सांगितलेलंच नसतं, आन सांगितलं तरी आधी कॉलेजला भरायला पैसे कुठून आणायचे ते राहतंच.

आता त्या रिटायर्ड साहेबांच्या मेरिटवर येतो. साहेब, मेरिटची मला पण कदर आहे. बावीस लाखाच्या वर लेकरं एका दुपारी तीन तास बसतेत, १८० प्रश्न, बरोबर आला तर चार मार्क, चुकला तर एक वजा, म्हणजे एका प्रश्नात पाच मार्काचा फरक आन तेवढ्यात हजारो रँक खाली. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे आधी ६७ निघाले, बोंबाबोंब झाली, कोर्टकचेरी झाली, दुरुस्त निकालात १७ राहिले. पुढच्याच वर्षी २०२५ ला देशात पहिला आलेला पोरगा ६८६ वर. पोरं एका वर्षात ढ झाली का? पेपर बदलला. २०२४ च्या त्या पेपरफुटीचा धागा आपल्या लातूरपर्यंत आला, अटका झाल्या, आन बदनाम कोण झालं तर रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसणारं लेकरू.

लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, उगं शिव्या देणाऱ्यातला मी नाही. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या मार्कावर अ‍ॅडमिशन व्हायची तवा लातूरच्या कॉलेजातल्या सरांनी पेपर सोडवून घेऊन-घेऊन खेड्यातली पोरं बोर्डात आणली, पोरं खोलीवर स्टोव्हवर खिचडी करून शिकली, त्यातले कितीतरी आज डॉक्टर आहेत. पण २०१७ पासून सगळं नीटवर गेलं, पुस्तक एनसीईआरटीचं, आपल्या पोराच्या दप्तरात बालभारतीचं, आन मधली दरी भरायला क्लास. रूम आन मेस धरून महिन्याला आठ-दहा हजार, क्लासची फी वेगळी, टेस्ट सिरीज वेगळी, रिपीट केलं तर परत तेच. जो शेत विकू शकतो तो टिकतो. ज्याला शेतच नाही त्यानं काय विकायचं?

आन मेरिट मेरिट म्हणणारे लोक पैशाच्या सीटवर गप्प का बसतेत हे मला आजपर्यंत कळलं नाही. २०२५ ला नीटमध्ये पात्र व्हायला ओपनला १४४ मार्क पुरे होते, ७२० पैकी. तेवढ्यावर सरकारी कॉलेजच्या गेटपाशी पण उभं करत नाहीत, पण खाजगीत इन्स्टिट्यूशनल कोटा, एनआरआय कोटा, तिथं फी कितीतरी पट भरली की डॉक्टर होता येतं. पंजाब सरकारनं तर एनआरआय म्हणजे मामा-काका-आत्या सगळे धरले होते, हायकोर्टानं ते उडवलं, सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच कायम ठेवलं आन हा सगळा प्रकार फसवणूक आहे असं सुनावलं. त्याच्या आदल्या वर्षी पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाच्या सीटा मोकळ्या राहायल्यात म्हणून केंद्रानं नीट-पीजीचं पात्रता पर्सेंटाईल सरळ शून्य केलं. शून्य! तवा साहेबांचं पत्र आलं का? ऊसतोडीच्या पोरीला वीस-पंचवीस मार्काची सूट म्हणलं की मात्र पेशंट मरतील. सीट मिळाल्यावर तिला पण तीच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा, तेच साडेचार वर्षं, तीच वर्षभराची इंटर्नशिप, पास झाली तरच डॉक्टर. सुप्रीम कोर्टानं सुद्धा जानेवारी २०२२ मध्ये ओबीसी कोट्याच्या निकालात लिहिलंय की परीक्षेतले मार्क म्हणजेच मेरिट असं नसतं, लेकरू कुठल्या परिस्थितीतून आलं ते बघूनच मेरिट समजतं.

एक गोष्ट मात्र मी म्हणणार नाही. गावचं लेकरू डॉक्टर झालं की गावातच येतं असं लोक भाषणात सांगतेत, तसं काही नसतं. तिला पण पुण्यात फ्लॅट पाहिजे असंल तर तिचा हक्क आहे, डॉक्टरच्या पोरावर आपण गावसेवेची सक्ती करतो का? सरकारी कॉलेजातनं निघालेल्याला वर्षभर सेवेचा बाँड आहे, मागं ती नाही केली तर दहा लाख भरून सुटता यायचं, आन ज्याच्या बापाला दहा लाख काही नव्हते तो भरून मोकळा व्हायचा. ऊसतोडवाल्याच्या पोरीला ते कधीच भरता आले नसते, त्यामुळं आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, वर्षभर तरी तीच बसली असती, एवढं मात्र खरं. पण सीट तिला द्यायची ती त्यासाठी नाही.

कायदा लगेच होणार नाही हे मला कळतंय. त्याच्या आधी एक बिनखर्चाचं काम होतं. ७०-३० वर विधानसभा डोक्यावर घेणाऱ्या आमच्या मराठवाड्यातल्या कुण्या एका आमदारानं येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकावा, की गेल्या पाच वर्षात राज्यातल्या सरकारी मेडिकलला जी लेकरं लागली त्यातली किती जणं पहिली ते दहावी झेडपी, नगरपालिका, आश्रमशाळा नाहीतर ग्रामीण अनुदानित शाळेत शिकलेली, किती जणांच्या आई-बापापैकी कुणी डॉक्टर आहे, किती जणांचे दोघं पण निरक्षर, आन हे कॉलेजवार, प्रवर्गवार द्यावं. माहिती शोधायला कुणाला गावोगाव फिरायचं नाही, आमच्यासारख्यांनी दुकानात बसून एकेक रकाना भरून ती दरवर्षी पाठवलेली आहे.

आपला,
एक मल्टिसर्व्हिसेसवाला वाचक
ता. वडवणी, जि. बीड